ही लाट माझी नाही

४ मार्च, मंगळवार

आज तीन भूकंप केले. दोन फुसके निघाले, तिसरा झकास!

पाळीवरचा लांब्या पार फसला. पडद्यावर रेघा नाचायला लागल्या तसा ताडकन उठला, गुडघा टेबलावर आपटला, आणि तसाच लंगडत ओरडतोय — "बाहेरची पेटी! बाहेरची पेटी हलली!" आमच्या मुख्य बाईंनी त्याला सगळं करू दिलं. सायरनच्या खटक्यावर हात जाईपर्यंत. मग थंडपणे, "सराव होता. बस खाली."

लांब्या मला म्हणाला, "तुझं लग्न होणार नाही, शाप आहे माझा." म्हटलं, शाप कसला, उपकार झाले. सगळे हसले. मीही हसले. तोंडाला सवय आहे, ते आपलं आपण हसतं.

कुणाला सांगितलं की माझं काम हे आहे, तर वाटतं फेकतेय. पण आहे खरं. समुद्राच्या तळाशी एक केबल टाकलीय, मनगटाएवढी जाड. किनाऱ्यावरून निघते, खूप आत जाते, वळसा घालून परत येते. मध्येमध्ये तिला लोखंडी पेट्या. पेटीला दोनच गोष्टी कळतात — खालची जमीन हलली का, आणि डोक्यावर पाणी किती आहे. बाहेरच्या पेट्यांना आधी कळतं, त्या आम्हाला सांगतात, आम्ही गावाला सांगायचं. लाट पोचायच्या आत. इतकंच.

फक्त घोळ असा की वर्षानुवर्षं काही होतच नाही. माणसं पडद्यासमोर पेंगतात. मला घेतलं होतं रेघांना नावं द्यायला — हे जहाज, हा देवमासा, हा लांबचा भूकंप. गणितात दोनदा आपटलेय मी, पण रेघ बघून ओळखता येतं. एकदा गंमत म्हणून जुना भूकंप काढून लांब्याच्या पाळीत सोडला. वाटलं, गेली नोकरी. बाई म्हणाल्या, "उद्यापासून हेच कर. फक्त वेळ आधी मला सांगायची." शाळेत ज्याच्यासाठी वर्गाबाहेर उभं करायचे, त्याचंच आता ओळखपत्र गळ्यात आहे!

घरी आले. आईच्या चपला अजून दाराशीच. ओलांडून आत गेले.

५ मार्च

काही नाही. भूकंपही नाही.

८ मार्च, शनिवार

बाबांच्या चहात मीठ टाकलं. भरपूर.

आई असताना हे केलं असतं तर बाबा चहा खिडकीबाहेर फेकून तिच्या नावाने ओरडले असते, ती माझ्या नावाने ओरडली असती, आणि मी केव्हाच शेजारच्या काकूंकडे पळाले असते. आज बाबांनी कप उचलला. प्यायले. शेवटपर्यंत. कप खाली ठेवला आणि परत खिडकीकडे बघायला लागले.

मग मी माझा प्यायले. अर्धा झाल्यावर कळलं, मीठ माझ्याही कपात होतं. उरलेलाही पिऊन टाकला. उठून दुसरा कोण करणार.

बाबा दिवसभर त्या खुर्चीत असतात. प्लास्टिकची, एका हाताला तडा गेलेला. आयुष्यभर बस चालवली माणसाने. बंदरापासून टेकडीवरच्या शेवटच्या थांब्यापर्यंत, दिवसातून कितीतरी वेळा. आता घराबाहेर पडत नाहीत. दाढी वाढलीय. काकू येऊन जातात, "भाऊजी, जरा चार पावलं चाला." बाबा म्हणतात, "बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. त्याचं 'हो' करणं फक्त आईला जमायचं.

११ मार्च, मंगळवार

बाईंनी सगळ्यांना उभं करून सांगितलं — सत्तावीस तारखेला मोठा सराव. गावाचा. सकाळी अकराला खरा सायरन वाजणार, खालच्या वस्तीतल्या सगळ्यांनी टेकडीवरच्या शाळेच्या मैदानात जायचं. आणि लाट कोणाची? माझी.

"अशी कर," बाई म्हणाल्या, "की मलाही घाम फुटला पाहिजे."

"बाई, तुम्हाला घाम फुटतो?"

"नीट कर."

लांब्याने हात वर केला. "मी आत्ताच सांगतो, मी ओळखणार. हिच्या लाटांना एक वास असतो."

वास! समुद्राच्या तळाचा वास येतो म्हणे याला, आणि स्वतःच्या मोज्यांचा येत नाही. असं म्हटल्यावर तो मोज्यांकडे बघायला लागला. पण त्याला खरंच माझ्या लाटा ओळखू यायला लागल्यात. ओळखली की बाईंनी सांगायच्या आत स्वतःच 'सराव'चं बटण दाबतो आणि पाय लांब करून बसतो. ते बटण दाबलं की सायरनचा खटका मुका होतो, चुकून गाव उठू नये म्हणून. बाई त्याला दोनदा बोलल्या. दोन्ही वेळा "हो बाई".

गावासाठी पण एक नियम काढलाय. घर रिकामं करून निघताना दाराच्या कडीला टॉवेल अडकवायचा. म्हणजे लोकांना बाहेर काढणाऱ्या शिट्टीवाल्यांना दारोदार कडी वाजवत बसायला नको. टॉवेल दिसला की पुढचं घर. आमच्या आळीची शिट्टी काकूंकडे आहे. त्या आत्तापासूनच गळ्यात घालून फिरतायत, भाजी घेतानाही.

१३ मार्च, गुरुवार

आज आळीपुरता छोटा सराव होता. सायरन नाही, नुसती शिट्टी. मला कामावरून यायला उशीर झाला. आळीत शिरले तर सगळीकडे टॉवेल — चट्ट्यापट्ट्यांचे, फाटके, एकाने तर चक्क पायपुसणं अडकवलेलं. आणि आमच्या दाराला निळा टॉवेल!

मी थांबले तिथेच. गेले वाटतं. बाबा गेले!

दार ढकललं. बाबा खुर्चीत.

"बाबा, टॉवेल?"

"लावलाय ना."

"पण तुम्ही आत आहात."

"टॉवेल लावला की कोणी कडी वाजवत नाही."

एवढंच. परत खिडकी.

काकू टेकडीवरून धापा टाकत आल्या, माझा गालगुच्चा घेतला, "भाऊजी मला वर दिसले नाहीत गं, पण टॉवेल बघितला हो मी! एवढं तरी केलं त्यांनी, खूप झालं." मी म्हटलं, हो काकू.

खोड्या मी करते. ही माझ्यापेक्षा भारी केली बाबांनी. पण ही खोडी नाहीये.

१४ मार्च

राग यायला हवा होता. किंवा रडू. जेवले आणि झोपले. भेंडी होती की दोडका तेही आठवत नाही.

१७ मार्च, सोमवार

प्रयत्न एक — खुर्ची लपवली. काकूंच्या मोरीत. बाबांनी जुनी बॅग ओढली आणि तिच्यावर बसले. खिडकी तीच. संध्याकाळी मीच खुर्ची परत आणली, बॅगेवर बसून त्यांची पाठ दुखत होती.

प्रयत्न दोन — नाक दाबून फोन केला. "हॅलो, डेपोतून बोलतोय. एक ड्रायव्हर आजारी पडलाय. टेकडीची फेरी आहे, तुम्ही याल का?" पलीकडे खुर्ची करकरली. मग, "डावी नाकपुडी नीट दाबली नाहीस."

फोन ठेवला त्यांनी. पण मला वाटतं जरासे हसले. किंवा खोकले. फोनवर सारखंच वाटतं.

कामावर लांब्याने विचारलं, "काय गं, हल्ली साध्या लाटा पाठवतेस, मजा नाही येत." मी म्हटलं, समुद्राला पण कंटाळा येतो. मग तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "आई गेल्यापासून तू एकदा पण रजा घेतली नाहीस." मी त्याच्या मोज्यांबद्दल काहीतरी बोलले आणि उठले.

रजा घेऊन काय करू. घरी एक खुर्ची आहे, ती भरलेली आहे.

२० मार्च, गुरुवार

आज सरळ सांगून बघितलं. बाबांसमोर जमिनीवर बसले, लहानपणी पाढे म्हणायला बसायचे तशी.

"बाबा, सत्तावीसची लाट माझी आहे. मी केलेली. अख्खं गाव माझ्यामुळे पळणार. शाळेत मी कधी बक्षीस मिळवलं का? नाही. गॅदरिंगला कधी आलात का? नाही, कारण मला घेतच नव्हते. हे एकदाच आहे. बघायला या."

"काय बघायचं त्यात?"

"काकूंना पळताना."

बाबांनी मिशीवरून हात फिरवला.

"किती मोठी केलीस?"

"मोठी."

"आळीपर्यंत?"

"आळी, बंदर, मासळीबाजार, सगळं! तुमचा पहिला थांबा पण."

"हं," म्हणाले. मग म्हणाले, "बघू."

आई असती तर म्हणाली असती, 'बघू काय, शर्टाला बटण लावून ठेवलंय, उठा.' मला बटण लावता येत नाही. तरी लावलं. उलटं लागलं.

२४ मार्च, सोमवार

मोठी लाट करायला घेतली. आधी एक शांत दिवस लागतो. त्याच्या रेघा खाली पसरायच्या आणि वर भूकंप बसवायचा, नाहीतर जोड दिसतो. वर्षाचे दिवस चाळत बसले. शांत, शांत, वादळ, बोटी, शांत.

जानेवारीतला तो दिवस पण आला. आई गेली तो.

उघडला. त्या दिवशी हॉस्पिटलात मी एकच वाक्य बोलले होते. नर्सने विचारलं, कोण तुम्ही त्यांच्या, म्हटलं मुलगी. बाकी सगळं बाबांनी केलं, सह्या वगैरे. तेव्हापासून वाटत होतं, कुठेतरी काहीतरी हललं असणार. एवढ्या पेट्या आहेत, एवढ्या नाजूक. मैलभर लांबच्या जहाजाचा पंखा ऐकतात. एखादीला तरी.

काही नाही. सरळ रेघा. दुपारी एक मालवाहू जहाज गेलंय. बस.

बराच वेळ बघत बसले. वर्षात इतका शांत दिवस दुसरा नव्हता. तोच घेतला. त्याच्यावर लाट बसवली. जोड कुठे दिसत नाही.

२५ मार्च

बाईंनी लाट तपासली. म्हणाल्या, "घाम नाही फुटला. पण घसा कोरडा पडला." बाईंच्या तोंडून एवढं म्हणजे हार घातल्यासारखं.

२६ मार्च, बुधवार

लाट पेन ड्राइव्हवर घेतली. कॉम्प्युटरवर ठेवायची नाही, लांब्या हुंगत येईल.

बाबांनी विचारलं, "उद्या किती वाजता?"

"अकरा."

"अकरा म्हणजे अकरा?"

"अकरा म्हणजे अकरा."

"हं."

टॉवेल बघितला. निळा. धुऊन वाळत घातलाय त्यांनी. याचा अर्थ काय लावू?

२७ मार्च, गुरुवार. सकाळ

पेन ड्राइव्ह खिशात. निघते.

२७ मार्च. दुपार

हात चालतोय तोवर लिहून घेते. नियंत्रण कक्षाच्या पायऱ्यांवर बसलेय. मागे फोन वाजतायत.

दहा वाजून गेले होते. मी चहाचा कप बाईंच्या टेबलावर ठेवला आणि चमचा बशीत वाजायला लागला. मग खिडकीची काच. बाहेरून ट्रक गेला की वाजते तशी. ट्रक नव्हता.

पडद्यावर बाहेरच्या पेट्या त्याआधीच उठल्या होत्या. एक, मग शेजारची, मग तिसरी. रेघा इतक्या उंच गेल्या की एकमेकींत घुसल्या. लांब्या टाळ्या वाजवायला लागला!

"वा वा वा! अकराची सांगून दहाला सोडलीस! यावेळी नाही फसणार!" आणि पठ्ठ्याने 'सराव' दाबलं. पाय लांब.

बाकीचेही हसत होते. कोणीतरी म्हणालं, चमचा पण वाजवलाय बघ हिने. बाईंनी माझ्याकडे बघितलं, भुवया वर करून. म्हणजे, मला न विचारता वेळ बदललीस?

मी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. टेबलावर ठेवला. त्याचं टोपणही काढलेलं नव्हतं.

"बाई, ही लाट माझी नाही."

माझं कोण खरं मानणार? मी यांना आजवर किती वेळा फसवलंय, कधी कधी तर एका दिवसात तीन वेळा. शपथ घेतली असती तरी हसले असते. लांब्या म्हणालाच, "अॅक्टिंग बघा."

बाईंनी पेन ड्राइव्हकडे बघितलं नाही. माझ्याकडेच बघत होत्या. मग चमच्याकडे. तो अजून हलत होता. "मी काच हलवू शकत नाही बाई," मी म्हटलं.

बाई लांब्याच्या अंगावरून वाकल्या, 'सराव' काढलं आणि खटका खाली ओढला.

सायरन.

लांब्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मुद्दाम चिडवायला ठेवला असता जपून, पण तसा चेहरा नव्हता तो.

"पाणी वाच," बाई मला म्हणाल्या. पाणी म्हणजे पेट्यांच्या डोक्यावरचं. मी वाचत गेले मोठ्याने. बाहेरची पेटी — चढतंय. पुढची — चढतंय. एकेक पेटी लाटेखालून जात होती आणि मी आकडे म्हणत होते, पाढे म्हणावेत तसे, एका सुरात. बाई बंदराशी फोनवर. लांब्या दुसऱ्या फोनवर, त्याचा आवाज फाटलेला. "सराव नाहीये! अहो साहेब, सराव नाहीये!"

एका हाताने मी काकूंना फोन लावला. आधी घरी लावला होता, बाबांनी उचलला नाही.

"काकू, बाबा?"

"अगं, टॉवेल आहे ना तुमच्या दाराला! मी बघूनच वर आले. काय गं, लवकर वाजवलात, माझा कुकर तसाच—"

"काकू, आत बघितलंत?"

"टॉवेल असल्यावर आत कशाला बघू?"

टॉवेल लावून बाबा आतच बसतात, हे कुणालाही सांगितलं नव्हतं मी. फक्त इथे लिहिलं होतं. इथे लिहून काय होतं.

"काय झालं गं? बोल ना!"

"काकू, खाली जाऊ नका," एवढंच म्हटलं. त्या गेल्या असत्या. शिट्टीसकट गेल्या असत्या. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जोरात, दाबून. "पुढची पेटी." मी पुढची पेटी वाचली.

लाट आली. भिंतीसारखी वगैरे नाही. बंदराच्या कॅमेऱ्यात दिसलं, समुद्र नुसता वर येत राहिला. थांबेचना. जेट्टीवरून, मासळीबाजारातून, सावकाश, आपलंच घर असल्यासारखा आमच्या आळीत शिरला. कंबरेएवढा असेल. बोटी रस्त्यावर. कोपऱ्यात आमचं दार दिसत होतं. कडीला निळं काहीतरी.

टॉवेल होता. टॉवेलला काय विचारू.

आत्ता खाली कोणाला सोडत नाहीयेत, अजून लाटा येतील म्हणून. बाईंनी मला जायला सांगितलंय मैदानात. लांब्या म्हणाला, मी येतो सोबत. म्हटलं, नको. मग म्हटलं, मैदानाच्या गेटपर्यंत ये.

जाते. बघते.

२८ मार्च, शुक्रवार

मैदानात नव्हते. सगळ्या रांगा बघितल्या, काकूंनी शिट्टी वाजवून वाजवून हाक मारली. शेवटच्या थांब्यावर सापडले, मैदानाच्याही वर, जिथे त्यांची बस वळायची. बाकावर. उलट्या बटणाचा शर्ट.

मला बघून म्हणाले, "अकरा म्हणाली होतीस."

"बाबा, खरी होती ती."

ते खाली बघायला लागले. आळी दिसते तिथून. पाणी पण.

"मला वाटलं तुझी," म्हणाले. "एवढं केलंस म्हणून आलो. खरी आहे माहीत असतं तर नसतो उठलो."

मी शेजारी बसले. म्हटलं, "माझीच होती."

बाबांनी परत आळीकडे बघितलं.

"पाणी जरा जास्त झालं," म्हणाले.